घोड्यांचा हौद

हाडांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर अकरावा होता. शेजारच्या बाकावर नगरपालिकेचे हेडक्लार्क पायाला प्लॅस्टर घालून बसले होते, आणि त्यांच्यासोबत त्यांची थोरली बहीण.

"पडलास तरी कशावर?"

"घोड्यांच्या हौदावर."

"गावात घोडे कुठे आहेत?"

"गावात नाहीत, बजेटमध्ये आहेत. ते दरवर्षी मीच करतो ना, ताई. मागच्या वर्षीची फाइल घ्यायची आणि प्रत्येक आकड्यावर दहा टक्के चढवायचे. बावीस वर्षं हौदाचा खर्च वाढतोय. यंदा तर त्याला नवी फरशी बसली."

"मग काढून टाक की."

"काढायचं तर कारण लिहावं लागतं. वाढवायला कोणी कारण विचारत नाही."

"आणि एवढा मोठा हौद तुला दिसला नाही?"

"अंधार होता. आमच्या गल्लीत दिवा नाही."

"का नाही?"

"मागच्या फाइलीत नव्हता."

"म्हणजे तूच स्वतःला पाडलंस."

"एकट्याने नाही. सभेने एकमताने मंजूर केलंय."

"शाळेत शेजारच्याचा पेपर उतरवताना त्याचं नावसुद्धा उतरवलं होतंस. काही फरक नाही तुझ्यात."

"आहे. यंदा मी ठरवलंय. डोळे मिटून दहा टक्के चढवायचे नाहीत. एक नवीन खर्च घालायचा, तोही स्वतः कारण लिहून."

"दिव्याचा ना?"

"हौदाच्या कठड्याचा. लोक पडतात गं त्याच्यावर."