थांबायची खूण

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या गोदीचे मोठे साहेब. व्यासपीठावरच्या सुरक्षा विभागाच्या मॅडम. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मी तरी ऐकलं नाही ते आपले उस्ताद. पहिल्या रांगेतल्या काकू, म्हणजे उस्तादांच्या पत्नी. माझ्याबरोबर राबणारे सगळे बंधू आणि भगिनी. आणि मागच्या दोन रांगा भरून बसलेले नवे बावीस उमेदवार. सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. भाषण करायची ही माझी पहिलीच वेळ. शाळेत टिकलो असतो तर सवय झाली असती, पण आठवीत मी शाळेला सोडलं की शाळेने मला, ते अजून ठरायचंय. म्हणून ऑफिसातल्या कारकूनदादांनी, म्हणजे आजच्या सूत्रसंचालकांनीच, मला भाषण लिहून दिलंय. अक्षर मोत्यासारखं आहे. पहिलंच वाक्य असं, "उस्ताद म्हणजे आमच्या आयुष्यातील दीपस्तंभ." दादा, राग मानू नका. आपल्या गोदीच्या तोंडाशी खरा दीपस्तंभ आहे, आणि तो आजवर कुणाला म्हणालेला नाही, "गाढवा, दांडा असा धरतात का? म्हशीचं शेपूट आहे का ते?" उस्ताद म्हणायचे. हसा, हसा. तुम्हालाही म्हणालेत.

एकतीस वर्षं या गोदीत क्रेनवर चढलेला प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेला. हाताखालून, हा शब्द मी जपून वापरतोय. का, ते पुढे येईलच.

मघाशी साहेबांनी माझंही कौतुक केलं. म्हणाले, ज्याला घरचे वाया गेलेला म्हणत होते त्या पोराने व्हिडिओ गेमवर हात तयार केले आणि इथे येऊन विक्रम केला. म्हणून यंदा आपण गेम खेळणारीच मुलं निवडली. त्यांना शिकवायला खोटी क्रेन पुरेशी आहे, सोमवारपासून ती थेट कामावर चढतील. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, साहेब. माणूस व्यासपीठावर बसला की वाजवतोच.

पाहुण्यांसाठी सांगतो. खोटी क्रेन म्हणजे ऑफिसमागच्या खोलीतली केबिन. खुर्ची खरी, दांडे खरे, समोर काचेऐवजी पडदा. पडद्यावर जहाज, धक्का, कंटेनर, सगळं हुबेहूब. चुकलं तर उजव्या अंगठ्याखाली एक पिवळं बटण आहे. त्यावर लिहिलंय, "पुन्हा". दाबलं की पेटी जागेवर, जहाज जागेवर, आणि खालची माणसंही जागेवर.

तिथे मी पहिल्या दिवशी बसलो आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी भिंतीवरच्या यादीत माझा नंबर पहिला. आजही पहिलाच आहे. उस्ताद दारात उभे राहून बघायचे. मी म्हटलं, "उस्ताद, कसं काय?" ते म्हणाले, "हात सोन्याचे आहेत. पण एक सांग, तू खाली बघतोस का रे?" मी म्हटलं, "खाली काय आहे? स्कोअर वर आहे." तेव्हा सगळे हसले होते. उस्ताद हसले नव्हते.

आता गेम वाईट, गेमने पोरं बिघडतात, असं सांगायला मी इथे उभा नाही. मी कोण सांगणारा? आज हा इस्त्रीचा शर्ट अंगावर आहे तो त्याच हातांमुळे. आमची आई फोनवर शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणते, "माझा मुलगा मोबाइल खेळून साहेब झाला." मी साहेब नाही, आई. मी पन्नास मीटर वर बसणारा हमाल आहे. पण तिला अभिमान वाटतो, तर वाटू दे, असं मी म्हणत आलो.

तिला हे आठवत नसेल, पण मला आठवतं. लहानपणी माझ्या तोंडात एकच शब्द होता. थांब. आई ताट घेऊन दारात उभी, "थांब गं, एवढी लेव्हल होऊ दे." मास्तर घरी बोलवायला आले, "थांबा म्हणावं." वडील लांबच्या कामावर निघाले होते, पिशवी खांद्याला लावून दारातून म्हणाले, "येतो रे." मी म्हटलं, "थांबा बाबा, दोन मिनिटं." गेम संपवून बाहेर आलो. गाडी कुणासाठी थांबते? ते तीन वर्षांनी परत आले. तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं, आणि ते मला फोनवर ओळखायचे तसं समोर ओळखेनात.

सगळ्यांना थांब म्हणत होतो. मी थांबलो नाही, एवढंच.

दादा, तुमचा कागद मी खिशात घालतो. पुढे "त्यांची शिस्त, त्यांचे प्रेम, त्यांचा त्याग" असं आहे. तिसऱ्या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे.

आठ महिन्यांपूर्वीचा अपघात सगळ्यांना माहीत आहे. चौकशीच्या अहवालात लिहिलंय की प्रशिक्षकाने थांबायची खूण उशिरा केली, त्यामुळे त्यांच्याच हाताला इजा झाली. त्याच अहवालावरून ठरलं की खाली उभं राहून खुणांनी शिकवायची जुनी पद्धत धोक्याची, ती बंद करावी. म्हणून उस्तादांची जागा रद्द झाली आणि निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच आज हा सत्कार, हा हार, हे भिंतीवरचं घड्याळ. बरोबर ना, मॅडम? अहवाल तुम्ही वाचला असेल. मीही वाचला. आठवी नापास असलो तरी माझी सही असलेला कागद मी वाचतो.

तो खोटा आहे.

सकाळचे साडेदहा वाजले होते. ऊन स्वच्छ. धुकं नाही, वारा नाही, कुठलंच निमित्त नाही. माझ्या केबिनमध्ये तासाला किती पेट्या उतरवल्या त्याचा आकडा दिसतो. एकोणतीस झाल्या होत्या. तीस म्हणजे गोदीचा विक्रम. दीड मिनिट हातात. तिसावी पेटी गाडीच्या वर छातीइतक्या उंचीवर आली आणि तिच्या खालच्या कोपऱ्यातलं, जहाजावर पेट्या जखडून ठेवणारं कुलूप अडकलं. ते काढायला उस्तादांनी उजवा हात आत घातला. आत घालण्याआधी डावा हात आडवा केला, तळवा खाली, बोटं जुळलेली. थांब. पहिल्या दिवशी पहिली शिकवली ती खूण.

मी ती बघितली.

अहवालात आहे, "चालकास खूण वेळेत दिसली नाही." दिसली होती. उस्तादांच्या मनगटावरचं घड्याळ चमकलेलंसुद्धा दिसलं होतं. माझ्या डोक्यात काय आलं, ऐका. दोन सेकंदांचं काम आहे, तेवढ्यात काढतील हात.

पेटी खाली टेकली. तेव्हा हात नुसता अडकला होता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, त्याच क्षणी वर घेतली असती तर बोटं वाचली असती. दांडा माझ्या मुठीत होता. नुसता मागे ओढायचा होता. आणि माझा अंगठा, उस्ताद, माझा अंगठा बटणाकडे गेला. पिवळ्या. "पुन्हा" लिहिलेल्या. खऱ्या केबिनमध्ये त्या जागी काही नाही. साधा पत्रा आहे. मी त्या पत्र्यावर चार वेळा अंगठा दाबला. खाली माणूस ओरडतोय, आणि मी वर बसून पत्रा दाबतोय, आणि मला राग येतोय की बटण चालत का नाही.

एवढा वेळ पेटी खालीच होती.

काकू, तुम्ही मान खाली घालू नका. घालायची तर मी. त्या दिवसापासून त्यांच्या शर्टाची बटणं तुम्ही लावता, हे मला माहीत आहे. दवाखान्यात मी गेलो तेव्हा उस्ताद काय म्हणाले? "ये. आता सातच्या पुढे मोजायचं असलं की तुझ्या काकूंना हाक मारावी लागणार." मी रडायला लागलो, तर म्हणाले, "गप. मी सांगून टाकलंय, खूण माझीच उशिरा झाली. तूही तेच सांग."

"का पण, उस्ताद?"

"वय काय तुझं?"

"तेवीस."

"माझी बोटं येणार नाहीत. तुझं लायसन गेलं तर तू परत त्या खोलीत जाऊन दार लावून बसशील. मग तूही येणार नाहीस." वर म्हणाले, "एक अट. तो मोबाइलमधला खेळ बंद कर."

मी त्यांच्या त्या बांधलेल्या हाताची शपथ घेतली. एकोणीस दिवस पाळली. एकोणीस. विसाव्या दिवशी म्हटलं, एकच डाव. आज सकाळी या शर्टाला इस्त्री होईपर्यंत मी न्हाणीघरात बसून खेळत होतो. बाहेरून खोलीतला सोबती दार वाजवत होता, आणि मी आतून काय म्हणालो असेन? तुम्हाला सांगायला नको.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. फोनमधून काढून टाकला, परत घेतला. फोन सोबत्याकडे दिला, त्याच्या पेटीचं कुलूप तोडलं. मी काय करावं हे मला खरंच कळत नाही. इथे एवढी शहाणी माणसं बसली आहेत, कुणाला कळत असेल तर कार्यक्रमानंतर मला सांगा. मी चेष्टा करत नाही.

मागच्या रांगेतल्या भावांनो, फोन मांडीवर आहेत तुमचे, इथून उजेड दिसतो हनुवटीवर. ठेवून द्या असं म्हणणार नाही. तुमचे हात माझ्यापेक्षा चांगले असतील. पण सोमवारी तुम्ही वर चढाल, आणि खाली उभं राहून तळवा आडवा करणारं कुणी नसेल. ज्याने ते एकतीस वर्षं केलं त्याला आपण घड्याळ देऊन घरी पाठवतोय, माझ्या खोट्यापायी. तुमच्या अंगठ्यालाही ते बटण पाठ झालंय. घरी जाऊन बघा, झोपेतसुद्धा हलतो तो.

सूत्रसंचालकदादांनी चिठ्ठी पाठवली आहे, "वेळ संपली." मला कल्पना आहे. साहेब मॅडमच्या कानात काहीतरी सांगताहेत, तेही दिसतंय. आज मी खाली बघतोय, उस्ताद.

आणि तुम्हीही दिसताय. मघापासून तुम्ही तिथे खुर्चीत बसून खूण करताय मला. हात आडवा, तळवा खाली. या वेळी उजवा. दोनच बोटं आहेत, तरी खूण स्पष्ट आहे. अहवालात काही लिहिलं असो, तुमची खूण कधीच उशिरा नव्हती. त्या दिवशी थांबायचं होतं तेव्हा मी थांबलो नाही. आज तुम्ही माझ्यासाठी थांब म्हणताय, आणि मी पुन्हा ऐकत नाही. एवढी शेवटची बेशिस्त करू द्या. आता दोनच गोष्टी राहिल्या.

मॅडम, हे माझं लायसन. तुमच्यासमोर टेबलावर ठेवतो. माझा जबाब परत लिहून घ्या, मी बसून सांगतो, सही करतो. साहेब, विनंती एकच आहे, सोमवारी या बावीस जणांना वर चढवू नका. आधी यांना उस्तादांच्या समोर उभं करा. त्यांना घरी पाठवायचं की ठेवायचं, हे खरा कागद वाचून ठरवा. माझं जे व्हायचं ते होईल. मला घरी जायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. त्या खोलीचं दार मला डोळ्यांसमोर दिसतं. पण रोज त्या पत्र्यासमोर बसायची भीती त्याहून मोठी आहे.

मला इथे बोलायला उभं केलंत, त्याबद्दल आयोजकांचे आभार. पस्तावला असाल तर तेही समजू शकतो. कारकूनदादांच्या अक्षराचे आभार. काकूंचे आभार मानायला माझ्याकडे तोंड नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला. जिभेचं चुकलं ते पोटात घाला. हाताचं चुकलं ते घालू नका, ते कागदावर घाला.

उस्ताद, खूण दिसली. थांबतो.