कडेवर

(१९७४. विट्याचा एस.टी. स्टँड. हंबीरराव, फौजेतून पेन्शनीवर आलेले. धाकटा भाऊ जोतीराम. जोतीरामच्या कडेवर त्याची सहा वर्षांची बनू.)

हंबीरराव : आधी खाली ठेव तिला. समदा स्टँड बघतोय.

जोतीराम : बघू दे.

हंबीरराव : अरं, बाप्या माणूस तू. खांद्यावर घे, पाठुंगळी घे. कडंवर बायका घेत्यात.

जोतीराम : खांद्यावर तोल जातो तिचा. पाठीवर गळा धराय येत न्हाई, मुठी उघडत न्हाईत.

हंबीरराव : मग हातावर आडवी घे.

जोतीराम : आडवी घेतली की मांड्या कात्रीगत एकमेकीवर चढत्यात. मिरजंच्या व्यायामवाल्या बाईनं सांगितलंय, पाय फाकून कमरंवर बसवायची.

हंबीरराव : बाई सांगती आन् तू ऐकतोस! आता जतची गाडी लागंल. उद्या अवस. तिथल्या डाग देणाऱ्या माणसाला शब्द दिलाय मी. गुडघ्यामागं दोन डाग, काम फत्ते. केरूचं पोर उठून चाललं.

जोतीराम : ते तापानं अशक्त हुतं. आपसूक उठलं असतं. हिच्या पायात खोट न्हाई, दादा. जल्मली तवा लवकर रडली न्हाई, मेंदूला मार बसला. पायाला निरोपच नीट पोचत न्हाई. म्हणून काय पाय भाजायचं?

हंबीरराव : तुझी बाई चालवणार हाय का तिला?

जोतीराम : तसं कबूल केलं न्हाई तिनं. रोज व्यायाम, पट्ट्याचं बूट. तरी मांड्या आवळल्या तर ऑपरेशन. बसंल म्हणाली, आपल्या हातानं खाईल.

हंबीरराव : बघ! डॉक्टर कबूल करंना, आन् माझा माणूस गॅरंटी देतोय.

जोतीराम : म्हणूनच त्याच्याकडं जायचं न्हाई.

बनू : मला... भा... भाजू नगा.

हंबीरराव : हिला कळतंय?

जोतीराम : समदं कळतंय. तुमी तिच्यादेखत बोलत आलासा, तिच्याशी कवा बोललासा?

हंबीरराव : मला ती परकी हाय व्हय रं? तुझ्या बायकूनं, शालूनंच कडंवर घिऊन घिऊन तिला लुळी केली. सारं गाव म्हणत हुतं.

जोतीराम : गावाच्या आधी मी म्हटलं. भाकरी थापतानाबी पोर कडंवर. एकदा हिसकून भुईवर बसवली मी. शालूनं पुन्हा उचलली. आता त्या बाईनं खुबं चाचपलं आन् इचारलं, हिला रोज कडंवर कोण घेत हुतं? म्हटलं, आई. म्हणाली, त्या माउलीनं सांधं राखलं, न्हाईतर कवाच निखळलं असतं.

हंबीरराव : हं.

जोतीराम : शालूला जाऊन तवा आठ म्हैनं झालं हुतं, दादा.

हंबीरराव : मग त्या माणसाला काय सांगू?

जोतीराम : सांगा, बापानं न्हाई म्हटलं.

हंबीरराव : बायकी म्हणत्याल तुला. बघ, ती पोरं आत्ताच हसाय लागली.

जोतीराम : हसू द्यात. शालूला हसत हुती तवा मीबी त्यांच्यात हुतो.

बनू : (जोतीरामला) आबा... गा... गाडी.

हंबीरराव : कुठली?

जोतीराम : मिरजंचीच हाय. सरका, दादा.

हंबीरराव : पिशवी इकडं दे. चढताना तिला दोन्ही हातांनी धर.