सुकदेवच्या झांजेची खाच

सुकदेव : मग काय, उंदरानं कुरतडली?

गोकुळ : नाही आबा, मीच कापली. कंपनीत, ग्राइंडरवर. जेवणाच्या सुट्टीत.

सुकदेव : ड्रमवरची नवी कोरी झांज. घेऊन महिना झाला नाही, अन् तिची कलिंगडासारखी फोड काढून मोकळा झाला तू?

गोकुळ : तुमच्या झांजेला आहे तशीच खाच आहे आबा. नरोलीच्या गणपतीत तुम्ही ड्रम वाजवतानाचा व्हिडिओ आहे ना, तो मोबाईलवर थांबवून माप काढलं. एक सूत भी फरक नाही.

चिमाबाई : चहा घे आधी. अन् कापली कशापायी, ते तर सांग.

गोकुळ : जिजी, आख्ख्या सिल्वासात कोणत्याही ड्रमवाल्याला विचारा. आबांची झांज छर्रर्र करते ती त्या खाचेमुळं. तिथून हवा पास होते.

सुकदेव : कोण गाढव सांगतो असं?

गोकुळ : तुम्हीच सांगितलं. शेजारच्या मनीषाच्या हळदीत, माइकवर.

चिमाबाई : घ्या.

सुकदेव : माइक हातात आला का माणूस काहीही बोलतो.

चिमाबाई : गोकुळ, खरं ऐक. यांची झांज मी एकदा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. बसली चांगली. उचलताना हाताला चटका लागला, सुटली अन् तडकली. तडा पुढं पुढं पळायला लागला, म्हणून यांनी करवतीनं तेवढा तुकडा कापून काढला. हवा नाही न् बिवा नाही.

गोकुळ : म्हणजे... आवाज?

सुकदेव : अर्धा मेला. बारा वर्षं झाली, दुप्पट ताकद लावून वाजवी राहिलो मी. लोक म्हणतात, सुकदेवचा हात काय जबरी.

गोकुळ : आबा, मी ड्रमवाल्या कल्पेशची पण कापून दिली. काळूची पण. एकूण पाच झाल्या.

सुकदेव : सत्यानाश.

गोकुळ : एक भावेशची राहिली. तो गावी गेला होता.

सुकदेव : मग विषयच मिटला. उद्या वासोण्याच्या लग्नात माझ्या जागी भावेश बसेल.

गोकुळ : असं नका करू आबा. सहा वर्षं मी तुमच्या मागं उभा राहून खुळखुळा हलवतो. तुम्ही टेम्पोवरून पडले, हात मोडला, म्हणून पहिल्यांदा माझा नंबर लागला.

चिमाबाई : टेम्पोवरून नाही, मोरीत पडले.

सुकदेव : तू चहाचं बघ.

गोकुळ : गुड्डीनं तिच्या भावांना बोलावून ठेवलंय. उद्या माझा नवरा मधोमध बसणार, असं सगळ्या चाळीत सांगून आली ती. भावेश बसला तर मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ?

सुकदेव : तुझ्या हाताला मी नावं नाही ठेवत. पण ही झांज टणटण करणार. बँड पार्टी माझ्या नावाची आहे, भो. वासोण्याच्या सफारीतले सिंहसुद्धा तक्रार घेऊन मांडवात येतील.

गोकुळ : मग तुमची द्या. एकच दिवस.

सुकदेव : तिला माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही.

चिमाबाई : पातेलं सोडून. अहो, न ऐकताच त्याचीला भंगार कसं म्हणता? भिंतीकडं तोंड करा. तो दोन्ही वाजवील, तुम्ही ओळखा.

सुकदेव : त्यात ओळखायचं काय? झोपेत ओळखीन. वाजव रे.

(सुकदेव भिंतीकडे वळतो. गोकुळ आधी आबांची काळपट झांज वाजवतो, मग आपली नवी. ठोका नेमका पडतो.)

सुकदेव : पहिली तुझी. डब्यावर दगड पडल्यागत. दुसरी माझी. ऐकलं का, छर्रर्र? याला म्हणतात झांज. बरोबर ना? ... गोकुळ, बोल ना. बरोबर ना?

चिमाबाई : सांग की रे काय ते. तुझ्याच फायद्याचं आहे.

सुकदेव : त्याच्या काय फायद्याचं?

गोकुळ : काही नाही आबा. बरोबर ओळखलं तुम्ही. दुसरी तुमची.

सुकदेव : म्हणलं नव्हतं? चिमे, भावेशला फोन लाव.

गोकुळ : येतो मग मी, आबा.

सुकदेव : थांब. (भिंतीकडेच तोंड ठेवून) ती दुसरी अजून एकदा वाजव. ... हं. हा ठोका कोणी शिकवला तुला?

गोकुळ : कोणीच नाही. तुमच्या मागं उभा राहून बघत होतो.

सुकदेव : चिमे, बारा वर्षांत माझी झांज मी लांबून कधी ऐकलीच नव्हती. कानाशी वाजते ना, कळत नाही. मला वाटायचं, अर्धा आवाज गेला. गेला नाही गं. आहे सगळा.

चिमाबाई : आहे ना. मग फोन लावू का नको?

सुकदेव : नको. गोकुळ, उद्या तूच बस. अन् हीच झांज ने.

गोकुळ : पण आबा, ती तर...

सुकदेव : माझी आहे, माहीत आहे मला. म्हणून तर देतो. चिमे, फडक्यात बांधून दे त्याला. अन् ते दुसरं भंगार खाटेखाली सरकव.

चिमाबाई : सरकवते. तुम्ही वळू नका, आधी नीट बांधू द्या.

गोकुळ : जिजी, मी खरं सांगतो त्यांना...

चिमाबाई : गाठ घट्ट मारली आहे. सांभाळून ने, बाबा. यांची आहे ती.