तीनशे पौंडांचा दिलासा

तुम्ही हसाल, पण मी अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फॅन झाले ती वरण-भातामुळे.

पिस्कॅटवेच्या आमच्या घरी माझा नवरा निखिल आणि त्याचा मित्र समीर तावातावानं वाद घालत होते. त्यांच्या कॉलेजची टीम वर्षानुवर्षं मार खातेय, पण यंदा म्हणे नव्या खेळाडूंची भरती जोरदार झालीय.

"बघच, या वेळी टीम वर येणार," निखिल म्हणाला.

"दरवर्षी हेच बोलतोस, यार!" समीर म्हणाला.

मी वरण-भाताची वाटी घेऊन आमच्या दोन वर्षांच्या लेकीच्या, इराच्या मागे फिरत होते. तिचं वजन ठीक आहे असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, पण माझा विश्वास बसेल तर ना!

तेवढ्यात निखिलनं फोनवर टीममधला नवा मुलगा दाखवला. वय सतरा, वजन तीनशे पौंड, म्हणजे जवळजवळ एकशे छत्तीस किलो.

"हा दोन वर्षांचा असताना काय खायचा रे?" मी अगदी मनापासून विचारलं.

मग समीर म्हणाला, "थांबा वहिनी, याच्या आईची मुलाखत आहे."

ती माउली सांगत होती, "लहानपणी हा काही खायचाच नाही. मी चमचा घेऊन घरभर पळायचे."

मी वाटी खाली ठेवली.

"समीर, निखिलचं बरोबर आहे," मी म्हणाले. "यंदा टीम वर येणारच."