मुंगूस छापाचा डाळिंबी

नाही, तुम्हीच सांगा, लाल म्हणजे लाल, त्यात आणखी लाल किती असायचे?... हसू नका! तुम्हाला सांगतो, मी मोझेस, इथं नगरात छापखान्यात मशीन चालवतो, अर्धं आयुष्य शाईत गेलं, पण या भिमाजीशेठसारखा माणूस बघितला नाही आणि देवा बापा, पुन्हा दाखवू नकोस! केडगावला त्याचा तपकिरीचा कारखाना, मुंगूस छाप. आता तपकिरीत मुंगसाचं काय काम, ते त्या मुंगसालाच ठाऊक! जुना छापखाना बंद पडला आणि हा आमच्या गळ्यात पडला. जुन्या पुडीचं लेबल माझ्या नाकापुढं नाचवत म्हणतो कसा, "ह्यो डाळिंबी रंग हाय. गिऱ्हाईक वाचीत न्हाई, रंग बघून पुडी उचलतं. मला तसाच नको, तोच पाहिजे!"

तसाच नको, तोच! काय फरक आहे हो यात? आहे कुणाला ठाऊक?

वर आमचे मालक, गहिनीनाथअण्णा, मला बाजूला घेऊन सांगतात, "मोझेस, शेठ हातचा गेला तर मशीन विकीन. अन् मशीनच न्हाई तर तुला ठिवून काय आरती करू?" म्हणजे माझी भाकरी आता डाळिंबाला टांगलेली!

मग तक्ता करायचं ठरलं. तक्ता म्हणजे काय, एका कागदावर चौकोनच चौकोन, प्रत्येकात लाल थोडा वेगळा, खाली नंबर. शेठनं बोट ठेवावं, मी तो छापावा. ऐकायला सोपं आहे! काचेवर लाल शाई घ्यायची, त्यात नखभर काळी घोटायची, एक चौकोन छापायचा, मग सगळे रूळ रॉकेलनं पुसायचे, की पुन्हा लाल, पुन्हा काळी, आता जरा पिवळी... आणि रॉकेल मिळतंय कुठं आजकाल? घरी आमची हन्ना स्टोव्ह हलवून बघतीये आणि मी इथं रूळ धुतोय!

तक्ता गेला केडगावला. निरोप आला, पाच नंबर. छापला पाच नंबर. शेठ हजर, "ह्यो न्हाई!" अहो, तुम्हीच पाच म्हणालात! "म्हनलो आसंल, पर ह्यो फिका हाय." बरं, आठ घ्या. आठ छापला. "आमच्या केशरबाईला पटंना." आता केशरबाई म्हणजे शेठची बायको, ती चुलीपुढं बसून धुरात रंग बघणार, आणि मी उन्हात छापणार! "मोझेस, तसाच नको, तोच!" रविवारी पाळकसाहेब म्हणाले, वैऱ्याला क्षमा करा... मी म्हटलं, करतो, पण आधी त्याला या गावातून हलवा!

शेवटी गेलो केडगावला. आणि बघतो तर काय! कारखानाभर तपकीर उडतीये, मी दारातच सात-आठ शिंका दिल्या, आणि आमचा तो तक्ता, लेकराला न्हाऊ घालावं तसा तपकिरीनं न्हालेला! पुड्या बांधणारी छबूबाई, हात कोपरापर्यंत तपकिरीचे, त्याच हातानं चौकोन पुसून मला विचारतीये, "ह्योच नव्हं का?" पुसला की दर वेळी वेगळा दिसतोय! मी शेठची जुनी पुडी घेतली, लेबलाची चिकटवलेली कड नखानं सोडवली... खाली लख्ख राणी रंग! डाळिंबी नाहीच मुळात! उघड्या भागावर उडती तपकीर बसत गेली आणि राणीचं डाळिंब झालं!

म्हटलं, शेठ, हा बघा तुमचा खरा रंग. हा छापतो, महिन्याभरात आपोआप डाळिंबी होईल. तर म्हणतो, "चिकटवल्याली कड कोन बघतंय? मला वरचा पाहिजे. तोच!"

असं? मी इतका पेटलो की काळी, पिवळी, तांबडी, हाताला येईल ती शाई घोटली आणि तो मळका डाळिंबी तंतोतंत छापून दिला. शेठ खूश! अण्णांनी चहा पाजला! मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय? दोन महिन्यांनी शेठ पुन्हा दारात. दुकानांत पडून पडून माझ्या डाळिंबीवर तपकीर चढली, तो झाला आमसुली. मी मनात म्हटलं, आता शिव्या देणार, आता मशीन गेलं, आता मी गेलो. तर शेठ हसतोय! "मोझेस, बायाबापडी म्हंत्यात, आवंदा माल लई कडक हाय, रंगावरूनच कळतंय. आता हाच आमसुली पाहिजे. तसाच नको..."

तोच. कळलं, कळलं!

आता तुम्हीच हिशोब करा. मी आमसुली छापणार, त्यावर तपकीर चढणार, तो जांभळा होणार, शेठ जांभळा मागणार... कालपासून नवा तक्ता करतोय, आणि शेवटच्या चौकोनात सरळ काळी शाई ओतलीये. अण्णा म्हणाले, "बरं झालं, तिथवर तरी तुझी नोकरी पक्की." मी म्हटलं, अण्णा, तिथवर कशाला, जन्मभर पक्की. त्या माणसाला काळ्यातसुद्धा आणखी काळा दिसेल!