मनूचे लंगोट

(घोडपदेवची एक चाळ, दुसरा मजला. मीराबाईंची खोली, दुपार. त्यांची मुलगी मेघना उघड्या ट्रंकेसमोर बसलेली. शेजारची किर्ती दारात उभी.)

मेघना : सात होती, किर्ती. सात सुती लुगडी. तीन वर्षांपूर्वी मीच डांबरगोळ्या घालून ठेवली होती.

किर्ती : असतील ताई, नीट बघा ना. त्या पोलिस्टरच्या खाली.

मेघना : खाली वर्तमानपत्र आहे. त्याच्या खाली पत्रा.

किर्ती : चहा टाकू का? दीड चमचा साखर, मावशींसारखा?

मेघना : आई बिनसाखरेचा प्यायची.

किर्ती : तुमच्याकडे असेल. इथे दीड चमचा.

मेघना : लुगडी कुठे आहेत?

किर्ती : फाडली.

मेघना : कोणी?

किर्ती : मावशींनीच. कात्री फक्त माझी होती. लंगोट शिवले ना त्याचे, मनूला.

मेघना : ती लुगडी माझी होती. आई म्हणाली होती, माझ्यामागे त्यांची गोधडी शिवून घे. काल चौदावा झाला. तोवर ट्रंक उघडायची नाही म्हणून मी थांबले होते. रोज या ट्रंकेकडे बघत होते. आणि ती सगळी तुझ्या मुलीच्या...

किर्ती : बोला ना. मुतात गेली. बोला.

मेघना : मी तसं म्हणणार नव्हते.

किर्ती : तुम्ही कुठे काय म्हणता? चेहराच बोलतो तुमचा.

मेघना : सातही फाडायची काय गरज होती? बाजारात सगळं मिळतं.

किर्ती : मिळतं की. मनू दोन वर्षांची होती, रात्रीत तीन-तीनदा भिजायची. डायपर लावला तर मांड्यांना लाल चट्टे. मॉलमधून मी यायची अकराला, पाय असे सुजलेले, त्यात रात्रभर पोरीची रड. मग मावशी आल्या, बोलल्या, फेक ते प्लास्टिक. जुनं लुगडं घे, जितकं जुनं तितकं पाणी पितं. रात्रीचा लंगोट वेगळा घातला त्यांनी. मध्ये आठपदरी घडी, खाली फ्लॅनेलचा तुकडा. पहिलं पाणी साधं, साबण नंतर. ते वासाचं लिक्विड अजिबात नाही, त्याने कापड पाणी पीत नाही बोलल्या. साडेसातनंतर दूध बंद. झोपायच्या आधी बाथरूमला न्यायचं. आणि भिजलीच तर लाइट लावायची नाही, ओरडायचं नाही. मूल काय मुद्दाम करतं का, बोलल्या. गुपचूप बदलायचं नि थोपटायचं.

मेघना : अभय झाला तेव्हा मला म्हणाली होती, डायपर लाव, तुला झोप मिळेल.

किर्ती : तुमच्याकडे पुस्तकं होती ना! मावशी सांगायच्या, मेघनाच्या उशाशी तीन पुस्तकं आहेत पोरं वाढवायची, त्यात मी चौथी कशाला जाऊन पडू?

मेघना : असं म्हणाली? तुझ्याजवळ?

किर्ती : हसत बोलायच्या हो. कौतुकाने.

मेघना : मला हसून काही सांगितल्याचं आठवत नाही. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडे एक रात्र राहिली नाही. घोडपदेवहून दादर असं किती लांब आहे? सकाळी यायची, संध्याकाळचे सहा वाजले की चपला शोधायला लागायची. का, तर मनू माझ्याशिवाय झोपत नाही. अभयने एकदा विचारलं मला, आई, मनू आजीची कोण लागते?

किर्ती : मनू झोपत नाही? असं बोलायच्या?

मेघना : दर वेळी.

किर्ती : हां. म्हणजे... हो. नाही झोपायची.

रखमाकाकू : (गॅलरीतून) काय गो किर्ती, दोरी रिकामी दिसता ती? मनूक अक्कल इली काय?

किर्ती : आली काकू, आली एकदाची.

रखमाकाकू : मीरा होती तवसर रोज सकाळी दोन-दोन लंगोट लोंबत होते. ती गेली नि चेडवाचा मुतणा बंद? नवलच म्हणाचा. मेघना, जेवलंस काय गो?

मेघना : जेवले काकू.

रखमाकाकू : बरा. येतंय मी, नळार बादली ठेवलंय.

किर्ती : गेली. हिचे डोळे म्हणजे ना, सीसीटीव्ही. माझ्या दोरीवर काय वाळतंय ते माझ्या आधी हिला ठाऊक.

मेघना : ते लंगोट मला आणून दे.

किर्ती : काय करणार त्याचं? फडकी झालीत पार.

मेघना : फडकी असू देत. त्यात आईची लुगडी आहेत. तुझ्या मुलीला आता लागत नाहीत ना? मग माझे मला दे.

किर्ती : धुऊन, इस्त्री करून देते. रविवारी.

मेघना : आत्ता.

किर्ती : ताई, ऐका ना माझं...

मेघना : दोन वर्षं तुझंच ऐकत आली माझी आई. मी फक्त कापड मागते आहे.

किर्ती : थांबा. आणते.

(किर्ती जाते आणि एक बोचकं घेऊन परत येते.)

किर्ती : हे घ्या. बोचकं सोडू नका इथे, तसंच घरी न्या.

मेघना : हे अंजिरी काठांचं. माझ्या पहिल्या पगाराचं. आणि हे हिरवं, बाबा असतानाचं. किती मऊ झालंय... किर्ती, ही नाडी एवढी लांब कशाला?

किर्ती : माप चुकलं होतं माझं.

मेघना : सगळ्यांचं? हे बघ. माझ्या कमरेला पुरून उरते. मनू रात्री सुकी कधीपासून झोपते?

किर्ती : ताई, तुमच्या पाया पडते.

मेघना : कधीपासून?

किर्ती : अडीच वर्षांची असल्यापासून.

मेघना : आता साडेचार वर्षांची आहे ती. दोन वर्षं तुझ्या दोरीवर वाळत होते ते कोणाचे?

किर्ती : मावशींचे. मनूच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता त्यांनी मला. मेघनाला कळता कामा नये. चाळीत तर नाहीच नाही. मावशींच्या दोरीवर एवढाले लंगोट दिसले असते तर रखमाकाकूने दहा मिनिटांत खालपर्यंत पोचवलं असतं. म्हणून मी चौघडी करून वाळत घालायची. लहान दिसायचे. विचारलं कोणी, की मनूचे.

मेघना : आणि मनू?

किर्ती : बालवाडीत चिडवतात तिला, मुतरी मनू. चाळीतल्याच पोरांनी पसरवलं. रडली दोन-चारदा. ती मोठी होईल, विसरेल. मावशी कुठे आणखी मोठ्या होणार होत्या?

मेघना : तुला सांगितलं. मला नाही.

किर्ती : मला पण सांगितलं नाही. आल्या आणि विचारलं, मनूचे जुने लंगोट उरलेत का गं, पुसायला हवेत. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी काही न विचारता मशीन काढली. त्यांनी मला शिकवलेली घडी, तीच. आठपदरी, खाली फ्लॅनेल. माप तेवढं वाढवलं. तुमच्याकडून दिवाळी करून आल्या ना, त्याच्या नंतरची गोष्ट.

मेघना : त्या दिवाळीत एकच रात्र राहिली. पहाटे उठून बघते तर आई बाथरूममध्ये चादर धूत होती. म्हणाली, तांब्या लवंडला. मी म्हटलं, आई, गादी नवी आहे गं. एवढंच म्हटलं.

किर्ती : तांब्याचं सांगितलं होतं त्यांनी.

मेघना : आणि गादीचं?

किर्ती : नाही. गादीचं काही नाही बोलल्या.

मेघना : डॉक्टरला दाखवलं होतंस?

किर्ती : परळला नेलं, माझ्या सुट्टीच्या दिवशी. गोळ्या दिल्या, व्यायाम दिला. दिवसाचं थांबलं, रात्रीचं राहिलं. वयानं होतं, लाजायचं काही नाही, डॉक्टरीणबाई बोलल्या. मावशी मान खाली घालून बसलेल्या.

मेघना : कागद आहे तिथला?

किर्ती : आहे ना, फाइलमध्ये. का?

मेघना : त्यावर नातं लिहावं लागतं. तू काय लिहिलंस?

किर्ती : काउंटरवाला घाई करत होता हो, मागे ही लाइन. शेजारीण लिहिलं तर आत सोडतात की नाही...

मेघना : काय लिहिलंस, किर्ती?

किर्ती : मुलगी.

मेघना : तिने पाहिलं?

किर्ती : त्यांच्याकडेच होता फॉर्म. सही करायची होती ना.

मेघना : काही बोलली?

किर्ती : सही केली.

मेघना : मला तुझा राग येतो आहे. आभार मानायला हवेत हे मला कळतं. पण आत्ता राग येतो आहे.

किर्ती : येऊ दे ना. मला काय तुमचा कमी यायचा? दोन वर्षं हात माझे, आणि तोंडात नाव तुमचं. मेघनाने हे वाचलंय, मेघनाला ते आवडतं. भेंडी चिरताना पण मेघना. चहासुद्धा... बिनसाखरेचा प्यायला शिकते आहे, बोलायच्या. मेघना म्हणते तब्येतीला चांगलं. महिनाभर तोंड वाकडं करून प्यायल्या. मग मीच साखर टाकायला लागले.

मेघना : दीड चमचा.

किर्ती : दीड.

रखमाकाकू : (नळावरून परतताना दारात) काय गो, दोघी रडतास कित्या? आणि ह्या काय, ह्ये मनूचेच लंगोट ना? मगाशी मी सहज बोललंय हां किर्ती, वायट वाटून घेव नको. पण साडेचार वर्साचा चेडू म्हणजे...

मेघना : मनूचे नव्हतेच ते, काकू.

किर्ती : ताई!

मेघना : मनू कधीच सुकी झोपायला लागली. हे माझ्या अभयचे. सात वर्षांचा झाला तरी रात्री व्हायचं त्याला. आमच्या सोसायटीत दिसायला नको, म्हणून आईकडे आणून टाकायची मी. किर्तीने आपल्या दोरीवर जागा दिली.

रखमाकाकू : तुझ्या झिलाचे?

मेघना : हो. नाडी बघा ना, एवढ्याशा पोरीची आहे का?

रखमाकाकू : आणि मीरा धुवायची? त्या वयात? म्हाताऱ्या आवशीक पोराचा मूत धुवूक लावलंस तू? दादराक काय पाणी नाय?

मेघना : हो काकू. लावलं.

रखमाकाकू : शिकली-सवरलेली ना गो तू? मीरा एका शब्दान बोलली नाय कधी. आणि आमी त्या बिचाऱ्या चेडवाक नावा ठेवतोव. तुका काय म्हणाचा आता... जातंय मी.

किर्ती : हे काय केलंत, ताई? संध्याकाळपर्यंत अख्खी चाळ तुम्हाला शिव्या घालेल.

मेघना : घालू दे. मनूला उद्या बालवाडीत कोणी काही म्हटलं तर मला फोन कर.

किर्ती : आणि अभयला कळलं म्हणजे?

मेघना : त्याला मी सांगेन. आजीसाठी म्हटलं तर चालेल त्याला. ये, बस इथे. ही घडी कशी घालायची?

किर्ती : आता कशाला?

मेघना : दाखव ना.

किर्ती : हे असं दुमडायचं. परत आत. मधला भाग जाड हवा. मग खाली हा तुकडा, त्याला सुरकुती पडता कामा नये, नाहीतर रात्रभर टोचतं. बघा, आता तुम्ही घाला. हां. अस्संच.

मेघना : आणि नाडी? पुढे बांधायची?

किर्ती : नाही, उजव्या बाजूला. मावशी डाव्या कुशीवर झोपायच्या ना.

मेघना : हो. डाव्या कुशीवर.