दुसरा आकडा वेळ, तिसरा आकडाही वेळ

सून : दुसरा आकडा, वेळ. तिसरा आकडा, वेळ. संपलं पान. बाबा, मॅन्युअलमध्ये एवढंच लिहिलंय तुम्ही.

सासरे : मग खोटं काय आहे त्यात? दोन्ही वेळच आहेत.

सून : कसले वेळ?

सासरे : ज्याला एवढंही कळत नाही, त्यानं ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात हात घालूच नये. प्रोग्राम कुठं अडतोय ते मोजायचं म्हटलं की वीस वर्षं लोक हेच पान उघडतायत, सूनबाई. एक तक्रार आली नाही.

सून : एकेचाळीस आल्या. तुम्ही निवृत्त झाल्यापासून माझ्या टेबलावर येतात, कारण मॅन्युअल आता मी लिहिते.

सासरे : कधी बोलली नाहीस मला.

सून : घरात कशाला कुरबुर, म्हणून. पण आज गप्प बसून चालणार नाही. अकरा वाजता बैठक आहे. आमच्या ऑफिसातल्या चष्मिशनं आठ महिने खपून फायली वाचायचा नवा प्रोग्राम लिहिलाय. जुन्यापेक्षा तिप्पट वाईट आहे म्हणून तो टाकून द्यायचं घाटतंय. पोरगी काल जेवली नाही. आणि मला वाटतं तो वाईट नाहीच. आमच्या टेस्टिंगवाल्यानं आकडे चुकीचे वाचलेत, तुमच्या पानावर विश्वास ठेवून.

सासरे : उगाच माझ्या पानाच्या माथी मारू नकोस. दे इकडे तो लॅपटॉप.

सून : द्यायलाच आणलाय. हा जुन्या प्रोग्रामचा निकाल, गेल्या वर्षीचा. शेजारी तुमचं पान उघडलंय. पान सांगेल तेवढंच करायचं, त्यापलीकडे काही नाही.

सासरे : परीक्षा घेतेस? घे. हं... पहिला आकडा वीस लाख. इतक्या वेळा प्रोग्रामला मेमरीसाठी ताटकळावं लागलं. म्हणजे ऐंशी लाख. नव्याचा किती?

सून : थांबा, थांबा. वीसचे ऐंशी कुठून झाले?

सासरे : अगं, हा दुसरा आकडा बघ, चाळीस सेकंद. तिसरा, दहा सेकंद. चारनं गुणायचं, झालं.

सून : गुणायचं हे पानावर कुठं लिहिलंय?

सासरे : असेल ना.

सून : बघा.

सासरे : बघतोय.

सून : मी तीन दिवस बघतेय.

सासरे : नाही. नाहीच लिहिलेलं. अगं, गरजच वाटली नाही. आम्ही तिघं एका खोलीत बसायचो, तिघांनाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. हाताला सवयच होती.

सून : तुमचा हात मला पानाबरोबर पाठवता येत नाही, बाबा. जरा बैजवार सांगा.

(सासूबाई हात पुसत खोलीत येतात.)

सासू : काय वाजलंय तुमच्यात? आवाज जिन्यापर्यंत येतोय.

सून : वाजलं नाही आई, बाबा शिकवतायत.

सासरे : यंत्रात मोजणारे चारच. हिच्या लोकांनी सोळा गोष्टी एकदम मोजायला दिल्या. मग ते चौघं आळीपाळीनं मोजतात. प्रोग्राम चालला चाळीस सेकंद, पण या एका गोष्टीवर नजर होती दहाच सेकंद.

सासू : म्हणजे पंधरा सेकंद नाडी मोजली आणि चारनं गुणलंच नाही.

सून : आई!

सासू : आई काय? तेहतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. नव्या नर्सा हमखास हेच करायच्या. चार्टवर सतरा लिहून मोकळ्या. डॉक्टर धावत यायचे, तर पेशंट मजेत गप्पा मारतोय.

सून : अगदी हेच झालंय! नवा प्रोग्राम मोजताना एकच गोष्ट लावली होती, तिच्यावर पूर्ण वेळ नजर होती. त्याचे साठ लाख आले, ते खरे. आणि जुन्याचे वीस लाख म्हणजे नुसता चतकोर.

सासरे : साठ विरुद्ध ऐंशी. जिंकली की तुझी चष्मिश! घे लिहून, 'पहिल्याला दुसऱ्यानं गुणा, तिसऱ्यानं भागा.' मिटलं.

सासू : मिटलं कसं? नाडी मधेच चुकत असेल तर? तिथं पंधरा सेकंदांवर भागत नाही. पूर्ण मिनिट हात धरून बसावं लागतं.

सून : बाबा, फायलींचा प्रोग्राम तसाच आहे. मधेच पळतो, मधेच बसून राहतो. मग तुमचे ऐंशी लाख म्हणजे अंदाजच ना?

सासरे : अंदाजच. हे तर मीही विसरून गेलो होतो.

सून : मग अंदाज घेऊन मी बैठकीत जायची नाही. जुना प्रोग्राम पुन्हा चालवते, एकच गोष्ट लावून. चाळीस सेकंदांचं तर काम.

सासरे : लाव. तोवर लिहून टाक.

सून : लिहिलंय, ऐका. 'दुसरा आकडा म्हणजे मोजणी सुरू होती तो वेळ. तिसरा, यंत्रानं प्रत्यक्ष पाहिलं तो वेळ. दोन्ही सारखे नसतील, तर पहिल्याला दुसऱ्यानं गुणून तिसऱ्यानं भागा. येईल तो अंदाज. काम एका लयीत चालत नसेल, तर अंदाजावर विसंबू नका, एका वेळी कमी गोष्टी मोजा.'

सासरे : पाल्हाळ झालंय.

सासू : मला कळलं. एक अक्षर काढू नकोस.

सून : आला! ब्याऐंशी लाख. वेळ चाळीस आणि चाळीस. आई, मला ओरडावंसं वाटतंय!

सासू : ओरड की.

सासरे : किती वाजले?

सून : पावणेअकरा. निघतेच.

सासरे : त्या बैठकीत फोनवरून बोलता येतं का गं?

सून : तुम्ही कशाला? चष्मिशची काळजी नको आता. आकडे आहेत माझ्याकडे.

सासरे : चष्मिशला आकडे आहेत. तुमच्या टेस्टिंगवाल्याला कोण आहे? आता सगळे त्याच्यावर तुटून पडतील.

सून : पण बाबा, मॅन्युअलच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. तुम्ही लिहिलंय हे कुणाला कळणारही नाही.

सासरे : म्हणून तर म्हणतोय, फोन लाव.